खोडलेले ‘मुंबई राज्य’

“पण बाई, तेव्हा शाळेतल्या मुलांना कुणी विचारलं होतं का?” सातवीतल्या एका मुलीने आज हे विचारले, तेव्हा बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेचे जुने जनरल रजिस्टर माझ्या हातात उघडे होते.

पानाच्या माथ्यावर छापलेले ‘मुंबई राज्य’ निळ्या शाईच्या एका सरळ रेघेने खोडून शेजारी बारीक अक्षरात ‘म्हैसूर राज्य’ (म्हणजे आजचे कर्नाटक) लिहिलेले आहे. रेघेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच गुरुजींच्या हातच्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आमचे राज्य बदलले; मुले, गुरुजी आणि फळा तेच राहिले.

त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०क आला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी पुरवण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी प्रत्येक राज्यावर आली. नव्या राज्यात संख्येने कमी ठरलेल्या मुलाची भाषाही राज्याने सांभाळायची, हा लोकशाहीचा विचार मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहिली, की मन खिन्न होते.

कर्नाटकातील शाळांत २०२३ पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. त्या मुलीचा प्रश्न तिथूनच आला असावा, कारण रजिस्टर मिटताना तिने हळूच आणखी एक विचारले: “‘आम्ही, भारताचे लोक’ यात लहान मुलं पण येतात ना?”

मी ‘हो’ म्हणाले. पण तिच्या पहिल्या प्रश्नाला उद्या काय उत्तर देऊ?