बर्फाला धुरा नसतो

अंटार्क्टिकात मोजणीचं काम कसं चालतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुटीवर गावी आलो, की पारावर पहिला प्रश्न ठरलेला: "अंटार्क्टिकात मोजता तरी काय गा? तिथं ना वावर, ना धुरा." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. मी सर्वेक्षणवाला, मोहिमेवर जाऊन आलेला. पण शेजारच्या काकांना त्याहून मोठी शंका. सातबारा कोनाच्या नावावर हाय?

कोणाच्याच नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक करारावर १२ देशांनी सह्या केल्या, त्यात सात जणांचे जमिनीवरचे दावे जसेच्या तसे गोठवले. भारत १९८३ मध्ये त्यात आला. काकांना हे पटत नाही. दावा म्हटला की तारीख पडलीच पाहिजे.

आता मोजणीचं. भारताचं मैत्री हे संशोधन केंद्र शिरमाकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यावर आहे. खडकावर बिंदू पक्का करता येतो. ट्रायपॉड लावायचा, जीपीएस चालू करायचं आणि तासन्‌तास बसून राहायचं. डिसेंबरात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री अकरालाही उन्हात काम चालतं. एकदा हातमोजा काढून स्क्रू आवळायला गेलो, तर बोटं इतकी बधिर झाली की पुढची नोंद पेन्सिल मुठीत धरून, पहिलीतल्या पोरासारखी लिहिली.

खरी मजा बर्फावर. भोक पाडून त्यात काठी रोवायची आणि पुढच्या वर्षी बघायचं, किती उघडी पडली, किती गाडली गेली. शिवाय ती होती तिथे नसतेच! आपल्याकडे धुऱ्याचा दगड रात्री शेजारी सरकवतो; तिथे काठीखालची जमीनच समुद्राकडे निघालेली. दक्षिण गंगोत्री हिमनदीचं टोक तर भूवैज्ञानिक १९८३ पासून खडकावरच्या खुणांवरून मोजताहेत, ते मागे हटत चाललंय. त्याच नावाचं आपलं पहिलं केंद्र तरंगत्या हिमपट्टीवर बांधलं होतं. वर्षावर्षाला बर्फ चढत गेला, ते गाडलं गेलं. म्हणून १९८९ मध्ये मैत्री खडकावर उभं राहिलं.

हे ऐकून काका म्हणाले, "मंग ते मशीन घेऊन ये ना बापा, आपला धुरा मोजून टाक." म्हटलं, काका, माझी मोजणी इथे चालायची नाही, भूकरमापकच लागतो. त्यांनी रीतसर अर्ज भरलाय. तारीख अजून पडायची आहे.