धरमकाट्यावर तोललेली बोट

"नागपुरात राहून बोट घेतली? काऊन बाप्पा?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय, की आता मी उत्तर न देता चहा पुढे करतो. तसं पाहिलं तर अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा एवढे तलाव असलेल्या गावात बोटीचं नवल वाटू नये. पण आमच्याकडे बोट म्हणजे रविवारी पोरांना पायडलची चक्कर. समुद्र इथून आठशे किलोमीटर, आणि माझी बोट तिकडूनच यायची होती.

गरज मित्राची होती. पवनीजवळ गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात त्याचं पिंजऱ्यातल्या माशांचं काम आहे आणि मी त्यात अर्धा भागीदार. खाद्याची पोती घेऊन पिंजऱ्यापर्यंत जायचं, तिथं दोन माणसांनी एका बाजूला वाकून जाळं ओढायचं. साधी अरुंद नाव अशा वेळी कलते, आणि एकदा माणसासकट जाळं पाण्यात गेलं. म्हणून ठरवलं की कॅटमरान घ्यायची. दोन अरुंद हल (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं धड), मध्ये बोगद्यासारखी मोकळी जागा आणि वर सपाट डेक. (शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. त्या बिचाऱ्या ओंडक्यांच्या तराफ्याला दोन हल नव्हतेच, पण नाव जगभर चिकटलं ते या जुळ्या बोटींना.) रायगडातल्या एका खाडीकाठी जुनी, फायबरची, साडेपाच मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद अशी एक मिळाली. मागे ४० हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे त्यातही बसत होती. विकणारा म्हणाला, "पाटावर बसल्यासारखं वाटेल. आणि वजन ट्रेलरसकट हजाराच्या आत." पाटाचं त्याने बरोबर सांगितलं होतं.

ट्रेलर एका फॅब्रिकेटरकडून आधीच करून घेतला होता. त्याने आयुष्यभर साध्या बोटींचे ट्रेलर केलेले, त्यामुळे मधोमध रोलर बसवले. साध्या बोटीचा कणा मधोमध असतो, हे खरं. कॅटमरानच्या मधोमध काय असतं? हवा. बोट चढवली असती तर बोगद्याचं छत रोलरवर टेकलं असतं, आणि ते छत वजन पेलायला केलेलंच नसतं. दीड दिवस तिथंच थांबून रोलर काढले आणि प्रत्येक हलच्या कण्याखाली एकेक लांब लाकडी तुळई, वर जुना गालिचा, असं करून घेतलं. मागे लटकणाऱ्या इंजिनांखाली टेकू दिला, नाहीतर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट मागच्या फळीला बसतो.

निघालो. कसारा घाट पहिल्या गिअरमध्ये चढलो, नाशिकला मुक्काम केला. समृद्धी महामार्ग मुद्दाम टाळला. १२०ने सुटलेल्या गाड्यांमध्ये मी साठने बोट ओढत चाललोय, हे चित्र मला सोसत नव्हतं. जुना रस्ता धरला.

छत्रपती संभाजीनगर सोडल्यावर रस्ता मोकळा होता, पाय जरा जड झाला, काटा ऐंशीवर. मागून एक बस ओव्हरटेक करून गेली आणि तिच्या वाऱ्याच्या झोताने ट्रेलरने शेपूट हलवली. आधी हळूच, मग दर झोक्याला जास्त. आरशात बोट एकदा डावीकडून दिसायची, एकदा उजवीकडून. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी चालवत होती ती बोट. ब्रेक मारायची जबर इच्छा झाली. शेजारी बसलेला भाचा ओरडला, "मामा, ब्रेक नको! पाय काढा फक्त!" तो ट्रॅक्टर-ट्रॉली चालवून मोठा झालेला, म्हणून वाचलो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला की मागचं वजन गाडीला ढकलतं आणि ट्रेलर आडवाच होतो. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. पंचावन्नवर आल्यावर शेपूट थांबली. नंतर दहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

जालन्यात लोखंडाचे कारखाने, म्हणजे ट्रक तोलायच्या धरमकाट्यांना तोटा नाही. भंगाराच्या ट्रकांच्या रांगेत आमची बोट उभी राहिली. काट्यावरचा माणूस म्हणाला, "आतापर्यंत सगळं तोललं, नाव पहिल्यांदाच." गाडी सोडवून फक्त ट्रेलर चढवला, तर १,३४० किलो. बोट सातशेची, इंजिनं जवळपास दोनशे, ट्रेलर साडेतीनशेच्या आसपास, वर पेट्रोल, बॅटऱ्या, नांगर, दोर. हजाराच्या आत म्हणणाऱ्याने यातलं निम्मं धरलंच नव्हतं. नशिबाने ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते. ब्रेक नसते तर एवढं वजन आमच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत बसलंच नसतं.

मग ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पुढच्या दांडीचं छोटं चाक तेवढं काट्यावर घेतलं. आकडा आला ४०. खरा रोग इथं होता. एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर पडायला हवा. माझ्या हिशेबाने निदान ९५ किलो. चाळीस म्हणजे तीन टक्के. दोन्ही इंजिनं अगदी टोकाला, त्यांनी मागचं पारडं जड केलं होतं. मागे जड झालेला ट्रेलर वळवळतोच. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, आधार पुढे सरकवून घेतला आणि चेनपुलीने बोट एक फूट पुढे ओढली. पुन्हा काट्यावर. १०५. जालन्यापासून नागपूरपर्यंत ट्रेलर मागे आहे हे विसरायला होत होतं. सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, अमरावती, प्रत्येक ठिकाणी चहाला थांबलो की चाकाच्या हबला हाताची मागची बाजू लावून बघायचो. कोमट असेल तर चालतं. हात लावता येत नसेल, तर बेअरिंग गेलंय समजा.

कोंढाळी, मग वाडी, मग आमचं लेआउट. गल्लीत बोट लागली तेव्हा समोरच्या काकू गंभीरपणे म्हणाल्या, "बरं झालं. पुन्हा तसं झालं तर आमच्याकडे आधी याल ना?" सप्टेंबर २०२३च्या त्या रात्री अंबाझरी ओसंडून त्यांच्या बहिणीच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं, त्यामुळे मला हसता आलं नाही.

कागदपत्रांत मात्र फार रस घेण्यासारखं काही नाही. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन, त्याची नोंदणी वेगळी. बोट २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात येते, तिची वेगळी. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी मित्राच्या नावावर. एकेका सहीला किती चकरा झाल्या ते सांगत नाही.

उमरेड, भिवापूर करत पवनीला बोट नेली. काठावर रॅम्प नाही, मुरमाचा उतार आहे. गाडी रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो, डोकं कमी फिरतं. आणि नव्वद किलोमीटर धावून तापलेलं चाक लगेच पाण्यात घालायचं नाही, गरम हब गार होताना सीलमधून पाणी आत ओढून घेतं. पाऊण तास थांबायचं. आमच्यासोबत काम करणारे ढिवर (मासेमार) काकाजी या पाऊण तासावर खूप हसले. त्यांची छोटी नाव, डोंगा, खांद्यावर येते.

हिवाळाभर बोट खरोखर पाटासारखी चालली. दोघं एका बाजूला वाकले तरी हूं की चूं नाही. एवढी स्थिर, की मी पोती कशीही टाकू लागलो. पुढचा डेक मोकळा असतो, उतरवायला सोपं, म्हणून सगळी पुढेच.

एप्रिलमध्ये अवकाळी आली. दुपारी पश्चिमेला आभाळ काळवंडलं. काकाजी म्हणाले, "भाऊ, थांबा अजून. हवा बसू द्या." मासे सकाळपासून उपाशी होते, मी निघालो, आणि काकाजी "चला मग" म्हणून बसले. अर्ध्या रस्त्यात वारा सुटला. धरणातल्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात. त्या बुटक्या, उभ्या आणि एकीमागे एक लागलेल्या असतात. पहिली सावरेपर्यंत दुसरी थडकते. कमरेएवढ्या लाटा आणि मी समोरून तोंड देत होतो. भीतीने वेग कमी केला. तिथं चुकलं. चारशे किलो खाद्य पुढे, नाळ खाली दबलेली, बोगद्याची उंची निम्मी झालेली. प्रत्येक लाट खालून छताला धाडकन आदळायची, दातावर दात वाजायचे. त्यात बोगद्यातून पुढे पाण्याचा फवारा उसळून वाऱ्यासोबत तोंडावर. कॅटमरान शिंकते म्हणतात ते हेच.

काकाजी काही न बोलता उठले आणि पोती मागे ओढू लागले. आठ पोती इंजिनांच्या पुढ्यात गेली. नाळ उचलली. मग मी जीव मुठीत धरून वेग वाढवला, आणि आश्चर्य म्हणजे धक्के कमी झाले. पुरेशा वेगात बोगद्यात हवा दाबली जाते आणि गादीसारखं काम करते. मोठ्या, खोल लाटांवर हे चालत नाही, तिथं वेग कमीच लागतो. पण या ठेंगण्या लाटांवर चाललं. लाट अगदी समोरून न घेता थोडी तिरपी घेतली तर दोन हल एकामागून एक चढतात. झटका लहान होतो, पण बोट खांदे उडवल्यासारखी कडेकडेने हलते. कुठला त्रास सोसायचा ते आपण ठरवायचं.

पिंजऱ्यांशी तासभर बांधून बसलो. परतताना बोट रिकामी आणि लाटा पाठीमागून. सोपं वाटलं. मग एका लाटेच्या उतारावरून बोट घसरली आणि दोन्ही नाळा समोरच्या लाटेत घुसल्या. कॅटमरानच्या नाळा अरुंद असतात, त्यांना स्वतःला उचलून धरायला बळ कमी. डेकवरून पाणी माझ्या पायापर्यंत आलं. थ्रॉटल ओढून वेग कमी केला, ट्रिम (इंजिनाचा कल) वर घेतला म्हणजे नाळ वर राहते, आणि पुढच्या लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच चालीने चालत राहिलो. तिच्या पुढे जायचं नाही, मागून येणारीला गाठू द्यायचं नाही.

तेवढ्यात काकाजींनी हात करून दाखवलं. एक डोंगा, त्यात बाप-लेक, अर्ध्यापर्यंत पाणी, वल्हं तुटलेलं. मी घाईत वळलो तर बोट आतल्या बाजूला न झुकता बाहेर झुकली. साधी नाव वळणात आत कलते, कॅटमरान उलट. माहीत नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो. मी डोक्याने जाणत होतो, अंगाला माहीत नव्हतं. काकाजींनी माझा पट्टा धरला.

माणसं आधी घेतली, जॅकेटं दिली. डोंगा सोडायला बाप तयार नव्हता, आणि त्याचं खरं होतं, तो त्याचा संसार. वाऱ्याच्या आडोशाला धरून पाणी उपसलं आणि दोर उजव्या मागच्या खुंटीला बांधला. दहा मीटर जाताच बोट उजवीकडे ओढली जाऊ लागली, कितीही फिरवा. मग दोन्ही मागच्या खुंट्यांपासून इंजिनांच्या मागे इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी दोर केला आणि मधल्या गाठीला ओढदोर. ओढ मधोमध आली, बोट सरळ झाली. इंजिनं एकमेकांपासून लांब असल्याने एकाला थोडं जास्त, एकाला कमी देऊन सुकाणूशिवायही वळता येत होतं. दोर एवढा सोडला की आम्ही लाटेच्या माथ्यावर असताना डोंगाही मागच्या माथ्यावर असेल. दोर तोकडा असता तर लाटेवरून घसरून डोंगा आमच्या इंजिनांवरच आला असता. काकाजी पूर्ण वेळ हातात विळा घेऊन दोराशी बसले होते, कापायची वेळ आलीच तर.

तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. काठाजवळ जलपर्णीत पंखा गुरफटला, शेवटचे वीस मीटर चालत ओढलं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून या धरणात येतं, तेव्हा ती जलपर्णी थोडी आमच्या लेआउटचीही असणार.

त्यानंतर मी डेकवर पिवळा पट्टा मारला. त्याच्या पुढे पोतं ठेवायचं नाही. काकाजींना पट्ट्याची गरज वाटत नाही. सकाळी मी इंजिन सुरू करायला वाकलो की मागून पोती घासल्याचा आवाज येतो. मी रचलेल्यांतली दोन पोती ते आणखी मागे सरकवतात आणि म्हणतात, "हं, आता चाला भाऊ."