वैशिष्ट्ये सांगा

आमच्या मराठीच्या वर्गात पुस्तक वाचायला कुणी मनाई केलेली नाही, पण वेळच उरत नाही. आत्मचरित्र शिकायचं म्हणजे आधी व्याख्या, मग स्वरूप, मग वैशिष्ट्ये, मग मर्यादा, आणि तास संपता संपता 'उदा.' असं लिहून त्यापुढे पाचसहा नावं. मॅडम पडद्यावरची स्लाइड वाचतात, आम्ही तिचा फोटो काढतो आणि मागच्या बाकावरचे तोच फोटो ग्रुपवरून उतरवून घेतात. आयएसएला, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेला, प्रश्न ठरलेला: वैशिष्ट्ये सांगा. प्रांजळपणा, आत्मपरीक्षण, काळाचं चित्रण... पेपर तपासून येतो तेव्हा प्रत्येक वैशिष्ट्यासमोर लाल शाईत अर्धा गुण असतो.

कवी बा. भ. बोरकर आले तेव्हाही हेच झालं. निसर्गप्रेम, नादमाधुर्य, आनंदवृत्ती. बोरकर 1910 साली जन्मले, गाव त्यांचं गोव्यातलं बोरी, आणि आमच्या वर्गात बोरीचीच एक मुलगी आहे. रोज तिथून बसने येते. बोरीचा पूल, पुलाखालची जुवारी नदी, पावसात तिचा बदलणारा रंग, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनेही मुकाट्याने 'निसर्गप्रेम' लिहून घेतलं.

आत्मचरित्राच्या त्या 'उदा.'पुढच्या नावांत धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' होतं. गोव्यात कोसंबी म्हटलं की लोकांना आधी त्यांचे चिरंजीव आठवतात, कारण इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावाने पणजीत विचार महोत्सव भरतो. वडील मात्र बहुतेकांना नावापुरतेच माहीत. डिचोलीची बस सुटायला वेळ होता, म्हणून पणजीच्या पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत गेले. बसस्टँडपासून चालत जाण्याइतकी ती जवळ आहे. 1832 सालची, पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली ही संस्था; आता इमारत नवी आहे आणि वातानुकूलितही, हे उन्हाळ्यात कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठं. 'निवेदन' चाळायला घेतलं आणि बस गेली. पुढचीही गेली.

सांखवाळचा हा माणूस, शाळा जेमतेम झालेली. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि ते डोक्यातून जात नाही. घरी नारळीची बागायत, संसार. ते सगळं सोडून 1899 मध्ये बाहेर पडतो तो संस्कृत शिकायला. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि पंडितांकडे पाठ घ्यायचे. नेपाळात बौद्ध धर्म पाहायला मिळेल म्हणून तिथवर जातो आणि जे दिसतं त्याने पार निराश होतो. गयेला कुणीतरी सांगतं की हे शिकायचं तर सिलोनला जा. हा जातो, आणि तिथे पाली शिकतो.

मला वाटलं होतं की आमच्या वर्गांविरुद्ध हे पुस्तक माझी बाजू घेईल. याची पंचाहत्तर टक्के हजेरी कुठे भरली असती, असं मनात म्हणूनही झालं. पण पुस्तक माझ्या बाजूने बोलेना. हा माणूस शिक्षकांना टाळून पळत नाही, शिक्षक शोधत हिंडतो. उपाशी राहील, अपमान गिळेल, पण कुणीतरी समोर बसवून एकेक ओळ शिकवावी ही त्याची मागणी शेवटपर्यंत सुटत नाही. मला शिक्षक बसच्या अंतरावर मिळाले आहेत आणि मी कटकट करते आहे. फरक एवढाच की त्याला ओळी मिळाल्या, मला स्लाइड मिळते. तेव्हा कटकट चालू राहील.

बरं, हा रोग वर्गापुरताच आहे असंही नाही. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, विद्यार्थी म्हणून पास काढला होता. 2004 पासून हा महोत्सव पणजीत भरतो, आणि त्या दिवसांत आमच्या वर्गाचं अर्धं लक्ष बाकाखालच्या मोबाइलवर, बुकिंगवर असतं. एका इराणी चित्रपटात एक बाई बराच वेळ नुसती भांडी विसळत होती. नळाची धार बारीक होत गेली, तिने वर पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा धार आली. मागे कुणीतरी चुळबुळ करत होतं. मी मात्र खुर्चीच्या टोकावर. नंतर दिग्दर्शकाशी गप्पा होत्या. पहिलाच हात वर झाला आणि प्रश्न आला: यातून तुम्हाला काय संदेश द्यायचा आहे? हे गृहस्थ नक्की मराठी घेऊन बीए झाले असणार.

त्यापेक्षा आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक बरं. मध्यरात्र उलटल्यावर तिसरी घंटा, मखमली पडदा एका बाजूने अडकलेला, बाहेरून आणलेली नटी रंगीत तालमीपुरतीच आलेली, आणि विंगेतला प्रॉम्प्टर सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढचं वाक्य देतोय. खलनायक झालेला आमचा पोस्टमन एक वाक्य दोनदा बोलला तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने तिसरं वाक्य स्वतःच सांगितलं. त्याला ते नाटक पाठ होतं. माझ्या आजीलाही आहे. नाटकाची वैशिष्ट्ये विचारा, ती उठून चहा ठेवायला जाईल.

पुढच्या आठवड्यात माझं प्रेझेंटेशन आहे, विषय तोच. मॅडमना विचारलं, स्लाइड न करता 'निवेदन'मधली दोनतीन पानं मोठ्याने वाचली तर? त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "वाच ना, मलाही आवडेल. पण शेवटी वैशिष्ट्यांची एक स्लाइड ठेव गो, नाहीतर मार्क कशाचे देऊ?" त्यांचीही पंचाईतच आहे. वर्ग मोठा, पोर्शन संपवायचा, आणि फाइलीत पुरावा लावायचा.

पानं निवडून ठेवली आहेत. कलकत्ता विद्यापीठ महिना 250 रुपये देत असताना ते सोडून कोसंबी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे 50 रुपये घेतात, का तर महाराष्ट्रात राहून काम करता यावं म्हणून, तो भाग. बोरीच्या मैत्रिणीला आधी वाचून दाखवला. ती म्हणाली, "250 सोडून 50? घरची कशी गप्प बसली?" वर्गात पहिला प्रश्न तिनेच हा विचारायचा असं ठरलंय, आणि स्लाइड ग्रुपवर मी आदल्या रात्रीच टाकायची.