आरपार सिरम

गंगाखेडकडच्या खेड्यातली नऊ वर्षांची मुलगी परभणीला आमच्या लॅबमध्ये आली, ती त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन. कोपरांवर, गुडघ्यांवर, बसायच्या जागी हरभऱ्यापासून बोराएवढ्या पिवळसर गाठी. आधी कुठेतरी चामखीळ समजून त्या दोनदा जाळल्या होत्या; त्याच जागी परत आल्या. मूठ उघडमिट केली की बोटांमागच्या कंडरेबरोबर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीबरोबर, तिथलीही गाठ सरकायची.

मशीनने एकूण कोलेस्टेरॉल मोजायच्या मर्यादेबाहेर दाखवलं. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, सलाइनमध्ये निम्मं-निम्मं पातळ करून पुन्हा लावलं, आलेला आकडा दुप्पट केला: 684. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, 34; ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी 110. त्याचा पाचवा भाग 22 आणि एचडीएल एकूणातून वजा केलं की एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 628. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, बरोबर आले होते, तरी टेक्निशियनला पटेना. एवढं कोलेस्टेरॉल आणि सिरम आरपार स्वच्छ? सिरम दुधाळ दिसतं ते ट्रायग्लिसराइडने भरलेल्या मोठ्या कणांमुळे. एलडीएलचा कण जेमतेम 20-25 नॅनोमीटरचा, तो उजेड अडवत नाही. स्वच्छ सिरम बघून असा रिपोर्ट चुकीचा ठरवू नये.

थायरॉइड मंद असेल, पित्ताची वाट अडली असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तरी एलडीएल चढतं. तेही तपासलं. सगळं नॉर्मल.

"मॅडम, दोन वर्षं झाले, तेल बंद, शेंगदाणे बंद, म्हशीचं दूध बंद. तरी वाढायलंच," वडील म्हणाले. आई खाली मान घालून बसलेली. नात्याचं विचारल्यावर कळलं, ती नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघांचंही रक्त घेतलं. एलडीएल वडिलांचं 231, आईचं 246.

वडील कापूस, सोयाबीन मोंढ्यात नेणारे, म्हणून तिथलंच उदाहरण दिलं. यकृताच्या पेशीवर एलडीएल रिसेप्टर असतात, ते हमाल. कण धरायचा, पेशीत न्यायचा, आतल्या आम्लात तो सुटला की रिकामं होऊन परत दाराशी यायचं. एकेक रिसेप्टर साधारण दहा मिनिटांत फेरी मारतो, अशा शंभरावर फेऱ्या. रक्तातलं सुमारे 70 टक्के एलडीएल यकृतच उचलतं. तुमच्या दोघांकडे निम्मेच हमाल कामाचे. पोरीला दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलं, तिच्याकडे जवळजवळ नाहीतच. गाड्या रस्त्यावर उभ्या, माल कातडीत, कंडरांत आणि धमन्यांत उतरतोय. कोलेस्टेरॉल मुख्यतः शरीरच बनवतं, त्यामुळे नुसत्या पथ्याने हा आकडा उतरत नाही. वाढत्या पोरीचे शेंगदाणे तरी तोडू नका, हे आईकडे बघून सांगितलं.

तिला त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण अशा मुलांत महाधमनीची झडप आणि हृदयाच्या धमन्यांची तोंडं लवकर आवळतात. स्टॅटिन आणि इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं तिथे सुरू झाली. स्टॅटिनचा मुख्य जोर पेशीला जादा रिसेप्टर बनवायला लावण्यावर. जनुकच बिघडलेलं असलं की ते तोकडं पडतं. यंत्रातून रक्त फिरवून एलडीएल गाळायची गरज लागू शकते, हेही आई-वडिलांना आधीच सांगून ठेवलं.

चार वर्षांच्या धाकट्या भावाला तोच धोका चारात एक होता. त्याचं एलडीएल 96 आलं, नॉर्मल.

वडिलांनी स्वतःचा रिपोर्ट घडी करून खिशात घातला. त्यांना चप्पल काढायला लावून टाचेमागची कंडर चिमटीत धरली. चांगली अंगठ्याएवढी जाड लागली. म्हणाले, "इथं बूट लई दिवसांपासून लागतो." वय 34. गोळीची चिठ्ठी त्यांच्याही नावाची हवी, म्हणून त्यांचा रिपोर्ट खिशातून काढून मुलीच्या फायलीत लावला.