बाबा करतात, आई करते

परवा चिरंजीवांची इंग्रजीची वही चाळताना एक वाक्य दिसलं. ‘माय फादर वर्क इन अ बँक अँड माय मदर वर्क्स इन अ स्कूल.’ बाईंनी पहिल्या ‘वर्क’भोवती लाल गोल काढून शेजारी ठसठशीत ‘एस’ लिहिला होता.

“एकाला लावलास, मग दुसऱ्याला का विसरलास?”

“विसरलो नाही. बाबा काम करतात. अनेकवचन, म्हणून एस नाही. आई काम करते. एकवचन, म्हणून एस.”

मला आधी हसू आलं, मग येईना. पोराचं व्याकरण चोख होतं, फक्त ते मराठीचं होतं. आमच्याकडे आजोबा ‘येतात’, आजी ‘येते’. इंग्रजीला हे मानपान ठाऊक नाहीत. ‘अँड’ने दोन वाक्यं जोडली तरी प्रत्येक क्रियापद आपापल्या कर्त्यापुरतं बघतं. फादर एकटे, एस. मदर एकटी, एस. ‘माय फादर अँड माय मदर’ असा दोघांचा मिळून एकच कर्ता केला, की मात्र एस जातो.

तशी त्यांच्याकडेही आदराची सवय होती बरं का. जुन्या इंग्रजीत ‘दाऊ’, म्हणजे आपलं ‘तू’, एकाला; ‘यू’ अनेकांना. पुढे मोठ्या माणसाला एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले आणि हळूहळू सगळेच ‘यू’ झाले. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’. आपलं ‘तुम्ही आहात’ तेच की! पण तो मान समोरच्यापुरताच. पाठीमागे फादर एकवचनीच.

आणि मराठीचं क्रियापद तरी कुठे सरळ आहे? ‘आमटी आणि भात वाढला’ म्हणा, नाहीतर ‘भात आणि आमटी वाढली’. अशा वस्तू असल्या, की शेवटी जी येईल तिचं ते ऐकतं. इंग्रजीतलं ‘आयदर-ऑर’ही असंच, जवळच्या कर्त्याला धरून चालणारं. हे सगळं मी अगदी रंगून सांगत होते. चिरंजीवांनी निमूटपणे एस लावला.

“मग मी ‘आई काम करतात’ म्हणू का?”

“छे! परकं वाटतं ते.”

“तू तर आजीला म्हणतेस. ‘आई आल्या.’”

खरंच की. सासूबाई आल्या की ‘आई आल्या’, माझी आई आली की ‘आई आली’. मी फोनवर एवढंच सांगितलं, तरी कोणती आई आली हे नवरा क्रियापदावरूनच ओळखतो.