इनोउए आणि सहा किलोंची चढण

बॉक्सिंग म्हटलं की आपल्याकडे अली नाहीतर टायसन आठवतो, म्हणजे शंभर किलोंच्या आसपासचे गडी. मीही तेच चित्र घेऊन योकोहामाला आलो. इथे मात्र ऑफिसच्या कँटीनमध्ये, केस कापायला गेलं तर तिथे, ज्याचं नाव कानावर पडतं तो बॉक्सर जेमतेम ५५ किलोंचा आहे. नाओया इनोउए. उंची १६५ सेंटिमीटर. जून २०२२ मध्ये 'द रिंग' मासिकाने सगळ्या वजनगटांतल्या बॉक्सर्सना एकाच यादीत बसवून त्याला पहिला नंबर दिला. जपानी बॉक्सरला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता.

तो मूळचा झामाचा. आमच्या इथून सोतेत्सु लाइनने एबिनाला जायचं, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन झामा. उन्हाळ्यात सूर्यफुलांची शेतं बघायला लोक जातात, एरवी साधं, शांत गाव. इनोउएचे वडील शिंगो इथे रंगकामाचा व्यवसाय करायचे आणि स्वतः हौशी बॉक्सिंग खेळलेले. सहा वर्षांचा नाओया त्यांचा सराव बघून मागे लागला आणि त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. धाकटा ताकुमाही पाठोपाठ आला. तालमीतला वस्ताद घरातच असावा, तसं हे घर. आजही नाओयाच्या कोपऱ्यात वडीलच असतात. बापाने मुलाला घडवल्याच्या गोष्टी खेळात पुष्कळ ऐकू येतात, पण तिशी ओलांडलेला जगज्जेता मुलगा राउंडच्या मधल्या मिनिटात वडिलांचं मान खाली घालून ऐकतो, हे मला फार मोठं वाटतं.

लंडन ऑलिंपिकचं तिकीट अस्तानातल्या पात्रता स्पर्धेच्या अंतिम लढतीत हुकलं आणि २०१२ मध्येच तो व्यावसायिक झाला. इथे बॉक्सर सुटा नसतो, तो एखाद्या जिमचा असतो आणि जिमचे मुख्य 'काइचो' त्याचं सगळं बघतात. इनोउएचे काइचो हिदेयुकी ओहाशी. ते स्वतः १९९० मध्ये सगळ्यात हलक्या गटाचे जगज्जेते झाले होते. त्यांच्याकडे येताना इनोउएने अट घातली होती, सोप्या प्रतिस्पर्ध्यांशी लढती लावायच्या नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोराने घातलेली ही अट पुढे खरोखर पाळली गेली.

त्याची पहिली लढत झाली तो टोकियोचा कोराकुएन हॉल इथल्या बॉक्सिंगची पंढरी. सुइदोबाशी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, दीड-दोन हजार माणसं मावतील एवढाच. तिथे नवोदितांच्या लढतींना जरूर जावं. चार राउंडच्या लढतीचं मानधन पुष्कळदा तिकिटांच्या रूपात मिळतं, ती ज्याची त्याने खपवायची. त्यामुळे प्रेक्षकांत त्याच्या कारखान्यातले सहकारी आणि शाळेतले मित्र बसलेले असतात. राउंड चालू असताना हॉल इतका शांत होतो की बरगड्यांवर बसलेल्या ठोशाचा ओला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो. मग कुणीतरी एकटंच नाव घेऊन ओरडतं, "गान्बारे!", म्हणजे जोर लाव! हरलेला पोरगा चारही बाजूंना वाकून नमस्कार करतो आणि त्यालाही मनापासून टाळ्या मिळतात.

इनोउए या पायरीवर फार थांबला नाही. चौथ्या लढतीत, झामातच, त्याने र्‍योइची तागुचीला हरवून जपानचं लाइट फ्लायवेट विजेतेपद घेतलं. तागुची पूर्ण दहा राउंड टिकला आणि पुढे स्वतःही जगज्जेता झाला. एप्रिल २०१४ मध्ये, अवघ्या सहाव्या लढतीत, मेक्सिकोच्या आद्रियान हेर्नांदेसला सहाव्या राउंडमध्ये संपवून इनोउए जागतिक विजेता झाला.

पण हा गट ४८.९ किलोंचा, आणि वाढत्या अंगाच्या पोराने तिथवर उतरायचं म्हणजे हाल. हेर्नांदेसविरुद्ध त्याच्या पायात गोळे आले होते. म्हणून फ्लायवेट गट ओलांडून त्याने थेट ५२.१ किलोंच्या गटात उडी घेतली आणि वर्षाअखेरीस ओमार नार्वाएसला आव्हान दिलं. अर्जेंटिनाचा हा अनुभवी विजेता तोवर एकदाच हरला होता, तोही गुणांवर, आणि कधीच खाली पडला नव्हता. इनोउएने दोन राउंडमध्ये त्याला चारदा पाडलं. नार्वाएसच्या लोकांना शंका आली की ग्लोव्हजमध्ये काहीतरी आहे. ओहाशींनी तिथेच ते उतरवून दाखवले. आत इनोउएचा हात होता, आणि तोही दुखावलेला. पुढचं जवळपास वर्षभर तो लढू शकला नाही.

नार्वाएसला गुणांवर हरवणारा तो एकटा माणूस म्हणजे फिलिपिन्सचा नोनितो डोनेअर. इनोउए अगदी लहान वयापासून त्याचा चाहता. ७ नोव्हेंबर २०१९ ला सैतामा सुपर अरिनात दोघे समोरासमोर आले, बँटमवेट गटात, म्हणजे ५३.५ किलोंत. त्याआधीच्या तीन लढती इनोउएने मिळून चार राउंडच्या आत आटोपल्या होत्या, त्यातली पायानोविरुद्धची तर ७० सेकंदांत. डोनेअर सदतिशीला टेकलेला. लोक म्हणत होते, हीही लवकर संपेल.

दुसऱ्याच राउंडमध्ये डोनेअरच्या डाव्या हुकने इनोउएच्या उजव्या डोळ्याचं हाड मोडलं. त्याला एकाच्या जागी दोन डोनेअर दिसायला लागले. मग त्याने काय केलं ते नीट बघा: उजवा ग्लोव्ह उचलून तो डोळाच झाकून घेतला आणि उरलेल्या एका डोळ्याने अंतर मोजत लढत राहिला. नवव्या राउंडमध्ये डोनेअरच्या उजव्या हाताने त्याचे पाय डळमळले, तेव्हा त्याने मिठी मारून वेळ काढला. त्याला असं करताना कुणी पाहिलं नव्हतं. अकराव्यात त्याचा डावा ठोसा डोनेअरच्या यकृतावर बसला. डोनेअर पाठ फिरवून चालत गेला आणि गुडघ्यावर आला, पण उठला, आणि बारावा राउंडही लढला. तिन्ही जजनी कौल इनोउएला दिला, पण एकाच्या कार्डावर फरक फक्त ११४-११३ एवढाच होता.

लढत संपल्यावर डोनेअरने विनंती केली की मुलांना वचन दिलंय, विजेत्याची ट्रॉफी एका रात्रीपुरती द्याल का. इनोउएने दिली. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये ताकुमा मात्र नोर्दिन उबालीकडून हरला होता. एका घरात एवढं सगळं एका संध्याकाळी. इनोउएच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मला ही लढत मोठी वाटते. २०२२ मध्ये त्याने डोनेअरला दुसऱ्याच राउंडमध्ये हरवलं, त्याच वर्षी बँटमवेटचे चारही पट्टे, म्हणजे चारही मोठ्या जागतिक संघटनांची विजेतेपदं, जमवले, मग ते सोडून ५५.३ किलोंच्या गटात आला आणि २०२३ संपेपर्यंत तिथलेही चारही मिळवले.

वजन ही इथे दिलेल्या शब्दाची गोष्ट आहे, हे मला लुइस नेरीमुळे समजलं. २०१८ मध्ये जपानच्या शिन्सुके यामानाकाविरुद्धच्या लढतीआधी हा मेक्सिकन बॉक्सर काट्यावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा दोन किलोंहून जास्त भरला. समोर यामानाका वजन उतरवून, वाळून उभा. त्याच्या चेहऱ्यावरचा संताप इथले लोक अजून विसरलेले नाहीत. जपानच्या बॉक्सिंग संघटनेने नेरीवर बंदी घातली आणि ती उठली तेव्हा समोर इनोउए होता: ६ मे २०२४, टोकियो डोम, ४३,००० प्रेक्षक. १९९० मध्ये टायसन इथेच डग्लसकडून हरला, त्यानंतर डोममध्ये बॉक्सिंग झालंच नव्हतं. पहिल्याच राउंडमध्ये नेरीच्या डाव्या हुकने इनोउए आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. घाईने उठला नाही. एक गुडघा टेकून रेफरीचे आकडे ऐकत राहिला, आठला उभा राहिला. सहाव्या राउंडपर्यंत त्याने नेरीला तीनदा पाडून लढत संपवली.

वर्षभराने लास वेगासला रॅमॉन कार्देनासनेही त्याला पाडलं आणि तिथेही आठव्या राउंडमध्ये जिंकला तोच. जसजसं वजन वाढतंय, तसतसे समोरचे ठोसेही जड होताहेत, हे खरं आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नागोयाला उझबेकिस्तानच्या अखमादालिएव्हशी तो बारा राउंड इतक्या शिस्तीत लढला, आत शिरून, मारून, लगेच बाहेर पडून, की ती काळजी निदान त्या रात्रीपुरती मिटली.

पुण्या-मुंबईतल्या मित्रांनी विचारलंय, कुठून बघायला सुरुवात करू. नार्वाएस आधी बघा, दोनच राउंड आहेत. मग डोनेअरविरुद्धची पहिली लढत, मात्र सलग, मधले राउंड न गाळता. नेरी त्यानंतर.