टॉवेल का टाकला, हे तुम्ही विचारलंत म्हणून

विभागीय बॉक्सिंग स्पर्धेत मी माझ्याकडे शिकणाऱ्या एका पोराची लढत टॉवेल टाकून, म्हणजे त्याच्या वतीने हार मानून, थांबवली. तेव्हापासून जेटीवर भेटा, बाजारात भेटा, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसा, प्रश्न एकच. "सर, पोरगो उठललो ना? मगे टॉवेल कित्याक टाकलात?" आणि पाठोपाठ दाखले. १९९० साली टोकियोत बॉक्सर बस्टर डग्लस आठव्या राउंडला खाली गेला होता, तरी दहाव्या राउंडला त्याने माइक टायसनला आडवा केला. २०२१ साली फ्यूरी चौथ्या राउंडमध्ये दोनदा पडला आणि अकराव्यात वाइल्डरला संपवून गेला.

हे दाखले तुम्हाला मीच दिलेत. मालवणात पावसाळ्यात वाळूवरचा सराव बंद पडतो, ग्लोव्ह्जना बुरशी धरते, तेव्हा पोरांना हॉलमध्ये बसवून या लढती दाखवणारा मीच. मागे तुम्ही पालकही उभे असायचात. त्यामुळे पडून उठणाऱ्याची किंमत मला शिकवू नका. ती कळली म्हणून तर आयुष्य या खेळात घातलं.

विभागीय स्पर्धेतली ती उपांत्य लढत तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे. पण तुम्ही खुर्च्यांवरून पाहिलीत, मी रिंगच्या कोपऱ्यातून. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्याचा उजवा हात आपल्या पोराच्या कानाच्या वर लागला. पोरगा बसल्यासारखा खाली गेला. रेफ्री मोजताना चार म्हणेपर्यंत उभा राहिला, हेही खरं. रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, हात वर करायला सांगितले, त्याने केले. टाळ्या वाजल्या. मग दर वेळी करतो तसं त्याने मला बघायला मान वळवली, आणि तो समोरच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. तिथे मी नव्हतो. तिथे त्या दुसऱ्या पोराचे सर उभे होते. हा पोरगा त्यांच्याकडे बघून मान हलवत होता, "हो सर, कळलं" अशी. त्याच्या मागच्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती. रेफ्री त्याच्या पुढ्यात होता, डोळे बघत होता. पण तो कुणाला शोधतोय हे रेफ्रीला कुठून कळणार?

मोजणी चालू असताना टॉवेल टाकता येत नाही, तसा नियम आहे. म्हणून रेफ्री "बॉक्स", म्हणजे पुन्हा लढा, म्हणेपर्यंत मी थांबलो. तुम्हाला दिसलं ते एवढंच, की पोरगा उठला, रेफ्रीने पास केला आणि सरांनीच घात केला.

खाली उतरल्यावर तो हातांवरच्या पट्ट्या सोडू देईना. "सर, मी उठललंय," एवढंच म्हणत राहिला. ओरडून नाही, मला समजलंच नसेल तर समजावं अशा आवाजात. दात सांभाळणारं गमशील्ड अजून तोंडात होतं, मी हात पुढे केला तर त्याने तोंड फिरवलं. येताना गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. तेच कोलीत तुमच्या हातात मिळालं.

अजून एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही सांगतो. हौशी बॉक्सिंगमध्ये पडल्याचे वेगळे गुण जात नाहीत, तो ठोसा इतर स्वच्छ ठोशांसारखाच धरतात. म्हणजे पोरगा फार मागे नव्हता. जिंकलाही असता कदाचित. पण डोक्याला धक्का बसलेला असताना त्यावर दुसरा फटका बसला तर काय होऊ शकतं, ते मला माहीत आहे, आणि कोवळ्या वयात तो धोका जास्त. पदकासाठी तो मी घ्यायचा नव्हता.

माझी सगळ्यात आवडती लढत डिएगो कॉरालेस विरुद्ध होसे लुइस कास्तियो, लास व्हेगास, ७ मे २००५. दहाव्या राउंडला कॉरालेस दोनदा पडला, गमशील्ड थुंकला म्हणून त्याचा गुण कापला, डोळे सुजून मिटत आले होते, आणि त्याच राउंडमध्ये त्याने कास्तियोला दोरांवर असा धरला की रेफ्रीला लढत थांबवावी लागली. हाच कॉरालेस जानेवारी २००१ मध्ये फ्लॉइड मेवेदरसमोर पाच वेळा पडला होता. तेव्हा दहाव्या राउंडला त्याच्या सावत्र वडिलांनी कोपऱ्यातून लढत थांबवली. तो त्यांच्यावर केवढा भडकला होता! त्याला वाचवलं म्हणून २००५ची रात्र त्याच्या वाट्याला आली, असं मी कैक रात्री स्वतःला सांगितलं आहे.

मग माझ्यातला जुना बॉक्सर विचारतो, २००५ला कोपऱ्यात तू असतास तर? दुसऱ्यांदा पडल्यावर टॉवेल टाकला असतास ना? टाकला असता. म्हणजे ज्या लढतीवर मी जीव टाकतो, ती माझ्या हाताखाली झालीच नसती. याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या रात्रीनंतर कॉरालेस पुन्हा एकही लढत जिंकला नाही, हे मी पुढे करतो. तो जुना बॉक्सर म्हणतो, मग काय झालं, ती एक तर जिंकला.

पोरगा आता कोल्हापुरात दुसऱ्या सरांकडे शिकतो, चांगला खेळतो. माझ्याशी बोलत नाही. त्याच्या काकांनी परवा पुन्हा तेच विचारलं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

पावसाळा संपला की नवीन पोरं घेतोय. लढती दाखवणं मी बंद करणार नाही, कॉरालेसची तर नाहीच. आणि स्पर्धेत टॉवेल माझ्याच खांद्यावर असेल. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी नाव घालण्याआधी सांगावं, मी राग धरणार नाही.